परदेशातली कामं

वकीलबाईंनी तीनदा बेल वाजवली तेव्हा दार फटीएवढं उघडलं. साखळी तशीच. ताईने ओळखपत्र मागितलं, फोटो चेहऱ्याशी ताडून पाहिला आणि मगच त्यांना आत घेतलं.

“अकरा वर्षांत या घरात शिरणाऱ्या तुम्ही पहिल्याच,” ती म्हणाली. “पाव तास. आणि पडदा सरकवायचा नाही.”

मास्तर टेबलाशी बसले होते. मायदेशात ते इतिहास शिकवायचे. तिथलं सरकार परदेशात पळालेल्या विरोधकांना गाठून कसं संपवतं, याचा त्यांनी अभ्यास सुरू केला आणि एक दिवस त्यांनाच पळावं लागलं. सोबत थोरली बहीण, ही ताई, आली. या फ्लॅटमध्ये शिरल्यापासून मास्तरांनी उंबरठा ओलांडला नव्हता. नऊशे पानांचं हस्तलिखित कपाटात पडून होतं.

“छापत का नाही, सर?”

“ताई नको म्हणते.”

“छाप की! दुसरी आवृत्ती मी काढीन. श्रद्धांजलीसकट,” ताई म्हणाली.

मास्तर हसले. दर दोन-तीन महिन्यांनी ताई बाहेरून काहीतरी ऐकून यायची. कोपऱ्यावर अनोळखी गाडी उभी आहे. औषधाच्या दुकानात कोणीतरी चौकशी करत होतं. मग आठवडाभर मास्तरांचा डोळ्याला डोळा लागायचा नाही.

“उद्या कोर्टात तुमची साक्ष हवी,” वकीलबाई म्हणाल्या. “पळालेल्या विरोधकांचे हे खून त्या सरकारनेच केले हे सांगू शकेल असं दुसरं कोणी उरलेलं नाही. तुम्ही आला नाहीत तर खटला बारगळेल.”

साठी उलटलेल्या मास्तरांनी बहिणीकडे पाहिलं. “जाऊ का गं? तासाभराचं तर काम.”

“जा ना. परत कोण आणणार तुला? या बाई?”

मास्तरांनी मान खाली घातली. “नाही जमायचं हो. भीती वाटते, खोटं कशाला बोलू?”

“बरं. मग निदान एक कागद तपासून द्या.”

“कागद बघायला हरकत नाही,” ताई म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

वकीलबाईंनी घडी उलगडली. “त्यांच्या परराष्ट्र खात्यातून फुटलाय. खरा आहे का?”

वर शीर्षक होतं, ‘परदेशातली कामं’. खाली वीस नावं. मास्तरांनी चष्मा पुसला. त्यांच्या आवाजात बऱ्याच वर्षांनी वर्गातला ठामपणा आला.

“शंभर टक्के खरा. त्यांची हीच पद्धत. पहिल्या रकान्यात नाव, दुसऱ्यात शहर, तिसऱ्यात साधन. ‘वाहन’ म्हणजे अपघात दाखवला. ‘औषध’ म्हणजे विष दिलं, डॉक्टरांनी हृदयविकार लिहिला. ‘उंची’ म्हणजे गच्चीवरून ढकललं. चौथ्यात ‘पूर्ण’ आणि तारीख. माणूस गप्प झाला की ‘पूर्ण’ लिहितात. मग त्याच्या मागे कोणालाही पाठवत नाहीत.”

“शेवटची ओळ वाचलीत?”

मास्तरांचं बोट खाली सरकलं. विसावं नाव त्यांचं होतं. शहर हेच.

आतून ताईने विचारलं, “साखर किती घालू?”

मास्तरांचं बोट पुढे सरकलं. तिसऱ्या रकान्यात लिहिलं होतं, ‘बहीण’. चौथ्यात, ‘पूर्ण’. तारीख अकरा वर्षांपूर्वीची होती.