पुलापलीकडे अडकलेली नवरी

अरे ऐक तर! लग्नात नवरी पळवायची आपली रीत. मित्र पळवतात आणि नवऱ्यानं वाईन देऊन सोडवायची. तर माझ्या येड्या मित्रांनी माझ्या नवरीला, आउरिकाला, थेट निस्त्रू नदीचा पूल ओलांडून पलीकडे नेलं, आपल्या देशातून फुटून निघालेल्यांच्या हद्दीत! मी आणि सासरे धावत चौकीवर. पहारेकरी म्हणतो, "हा वेगळा देश आहे असं लिहून दे आणि ने तुझी बायको."

सासरे भडकले, "वेगळा कसला? एकोणीसशे चाळीसपासून नदीचे दोन्ही काठ एकच आहेत!"

"ते मॉस्कोनं जोडलं, काका. आम्हाला कुणी विचारलं होतं?"

"मग आम्हाला तरी कुठं विचारलं होतं?"

चला, एकमत झालं म्हणून मी पेन उचललं. तर सासरे ओरडले, "सही केलीस तर माझी पोरगी विसर!"

सांग ना, तू काय केलं असतंस?