एकालाच प्रवेश

“आत एकालाच सोडणार,” लेबर रूमच्या दारात सिस्टर म्हणाल्या. “नवरा की डूला?”

डूला म्हणजे बाळंतपणात सोबत करणाऱ्या शरयूताई. त्यांच्या तयारीच्या वर्गाला मी एकदाही गेलो नव्हतो, तरी “बाप मी आहे!” असं कॉरिडॉरभर ऐकवलं.

“कळ आली की कंबर कुठं दाबायची, सांग बरं?” बायकोनं विचारलं. मी सिस्टरकडे पाहिलं. “ताईच येऊ देत,” बायको म्हणाली.

चार तासांनी ताई बाहेर आल्या. त्यांच्या मनगटावर बायकोच्या नखांच्या खुणा होत्या.

“मुलगा की मुलगी?” मी विचारलं.

“मुलगी,” म्हणून त्या माझ्या पुढच्या प्रश्नासाठी थांबल्या.

“वजन किती?”

“तीन किलो. बाळाची आई विचारतेय, तुम्ही काही खाल्लंत का?”

वडापावचा कागद मी मुठीत चुरगळला.