खिडकीकडची बाजू

डोंगरावरच्या आमच्या हॉटेलात जपानी पद्धतीचा लाकडी टब बसवायची कल्पना माझ्या बायकोची. आधी बुटक्या स्टुलावर बसून अंग स्वच्छ धुवायचं, मग गरम पाण्यात गळ्यापर्यंत नुसतं बसून राहायचं. नकाशाही तिनंच काढला. खुणेपर्यंत पाणी भरून दोघं आत बसले की ते बरोबर काठाला लागलं पाहिजे, हा तिचा हट्ट. "आणि खिडकीकडची बाजू माझी," असंही तिनं बजावून ठेवलं होतं.

टब तयार झाला, तेव्हा तिला जाऊन आठ महिने झाले होते.

चाचणीच्या सकाळी सुतारमामांनी खुणेपर्यंत पाणी भरलं. "एकटेच बसणार ना साहेब, चार बोटं खाली राहील," ते बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली.

मी अंग धुऊन आत बसलो. पाणी काठाला लागलं.

"माझीच खूण चुकली असेल," मामा पुटपुटले. टब रिकामा करून त्यांनी तो पुन्हा भरला आणि या वेळी आधी स्वतः उतरले. मामा माझ्यापेक्षा अंगानं चांगले भरलेले. तरी पाणी तीन बोटं खालीच राहिलं.

ते बाहेर आल्यावर मी उतरलो. पाणी काठाला लागलं.

टॉवेल माझ्या हाताशी ठेवून मामा बाहेर गेले आणि त्यांनी दार हळूच ओढून घेतलं.

मी खिडकीकडून जरा सरकून बसलो. पाणी हललं आणि शांत झालं.

मग पुन्हा एकदा हललं.