तपासणीची गाय

शेजारच्या धाकूची गाय एमिलियाच्या पलंगाच्या जागी बांधून होते न होते, तोच फाटकाशी सायकलची घंटा वाजली.

"आला," क्लारा सुनेला म्हणाली. "तू बोलू नको हां. मी बोलते."

एमिलिया भिंतीला टेकून उभी राहिली. तिला सातवा महिना लागला होता. पलंग, ट्रंक, स्टोव्ह, दोरीवरचे कपडे, सगळं पहाटेपासून मोठ्या घरात नेऊन कोंबलं होतं. मोठं घर म्हणजे खोल्या दोन आणि माणसं अकरा. तिथं कूस बदलायला जागा नाही, म्हणून तर गिल्बर्टनं लग्नानंतर परसातला हा रिकामा गोठा सारवून, चुना काढून राहण्याजोगा केला होता. बायकोला वारा मिळावा म्हणून एक खिडकीही फोडली होती. गेल्या आठवड्यात तपासणीची नोटीस आली. मरोळ गाव मुंबई पालिकेत गेलं तसे मुंबईचे कायदेही गावात आले होते. परसात गोठा चालेल, लाकडाची खोप चालेल; पण त्यात माणूस राहिला तर पाडून टाकणार.

इन्स्पेक्टर किडकिडीत होता, पायजम्याला सायकलचे चाप तसेच. त्यानं फितीनं घरापासूनचं अंतर मोजलं, कुंपणापासूनचं मोजलं, वहीत आकडे लिहिले. मग त्याची नजर दारावर गेली.

दारावर लाकडी क्रूस होता. त्याच्यामागे ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारचं वाळकं पान खोचलेलं. फादरनी येऊन पवित्र पाणी शिंपडलं, त्या दिवशी तो क्रूस लागला होता. पहाटे सगळ्यांनी मिळून सगळं उचललं, पण तो उतरवायला कुणाचाच हात उठला नव्हता.

"गोठ्याला क्रूस?"

"आमच्यात गुरांनाही आशीर्वाद देतात," क्लारा म्हणाली.

"बरं." तो गाईसमोर जाऊन उभा राहिला. गाईच्या कपाळावर कुंकवाचा मळवट भरला होता. "आणि गाय तुमचीच?"

"आमचीच. हिची आईसुद्धा आमचीच होती."

"मग हे कुंकू?"

"शेजारणी लावतात. आम्ही कुणाला नाही म्हणत नाही."

कुंपणापलीकडून धाकू ओरडला, "क्लारामावशी, वासरू हंबरून हंबरून दमलं! अजून किती वेळ?"

"तुझं वासरू तू सांभाळ रे मेल्या! मला काय विचारतोस?"

इन्स्पेक्टरनं ओठ आवळून हसू दाबलं. एवढ्यात गाईनं शेपटी उचलली आणि सारवलेल्या जमिनीवर धार सोडली. तो दोन पावलं मागे सरला.

"गोठा म्हणून ठेवायला हरकत नाही," तो म्हणाला. क्लारानं छातीवर क्रूसाची खूण केली. "पण खिडकी बुजवून घ्या. ती नकाशात नाही. आणि जनावर इथं दिसलं पाहिजे. आम्ही न सांगता येतो. बिछाना दिसला, चूल दिसली, की लगेच पाडायला माणसं पाठवावी लागतात."

"किती दिवस दिसलं पाहिजे?" एमिलियाच्या तोंडून गेलं.

"दिवस कसले, बाई? गोठा आहे तोवर."

सासूनं सुनेकडे डोळे वटारले.

त्यानं पिशवीतून छापील कागद काढला. "सही कोण करणार?"

"माझा अंगठाच. ही सून करेल ना. चौथी शिकलेली आहे." म्हणताना क्लाराची मान जरा ताठ झाली.

कागद एमिलियाच्या हातात आला. 'सदर जागेत कोणीही मनुष्य राहत नाही.' तिनं ते दोनदा वाचलं. सही केली नाही तर भिंती जाणार. सही केली तर भिंती राहतील, पण पलंग काही परत यायचा नाही. वर आढ्याला गिल्बर्टनं पाळण्यासाठी कडी ठोकली होती. संध्याकाळी कारखान्यातून आल्यावर त्याला काय सांगायचं?

"कर गं," क्लारा हळूच म्हणाली. "आधी छप्पर वाचू दे."

कागद खिडकीच्या फळीवर टेकवून तिनं नाव लिहिलं. अक्षर शाळेतल्यासारखं गोल आलं. खाली आणखी एक रेघ होती. राहण्याचा पत्ता.

पेन तिथं थांबलं.

"लिही की! साहेब खोळंबलेत."

एमिलियाचा हात हलला नाही. इन्स्पेक्टरनं तिच्याकडे पाहिलं, तिच्या पोटाकडे पाहिलं, आणि कागद हलकेच ओढून घेतला.

"राहू द्या," तो म्हणाला. "तेवढं कोरं चालतं."

शाई अजून ओली होती. तिच्या नावावर फुंकर घालत तो फाटकाकडे चालू लागला.