दाराआडची मोलकरीण

डॉक्टरसाहेब, तुम्ही शकुनला पाहिलीच नाही. ओसरीवर बसलात, तिच्या थोरल्या दिराचा, खुशालरावचा, चहा प्यालात, आणि आत कोंडलेली बाई वेडी आहे असं सांगून निघून गेलात. तिला मेलेल्या नवऱ्याचा खोकला ऐकू येतो, एवढ्यावर तुमचं भागलं. खोकतं कोण, हे विचारलं नाही.

खुशालरावच्या बायकोला, मनकर्णाला, ते ठाऊक होतं. माळ्यावर चढून तिचाच नवरा खोकत होता. नव्या कायद्यानं शकुनला शेताचा वाटा आला होता. तिला वेडी ठरवून घालवली की तो वाटा खुशालरावच्याच हाती. तुमच्यासमोर मनकर्णा मान खाली घालून म्हणाली, "मले तं काई आयकू येत नाही."

त्याच आठवड्यात हिवरखेडला तंबूतला सिनेमा आला. मनकर्णा रोज जाऊ लागली. तिकिटाला खुशालराव पैसे देई. हल्ली तो तिला कशालाच नाही म्हणत नसे.

पडद्यावर एक नवरा रिकाम्या खोलीत काठी ठकठक टेकवून बायकोला भ्रमिष्ट करत होता. बाया किंचाळत. मनकर्णा पाही ती दाराआडची मोलकरीण. काठी कोण टेकवतं हे तिला दिसतं, आणि ती हातातला कंदील पदराआड घेते. त्या एका जागेसाठी मनकर्णा पुन्हा जाई. तो सिनेमा तिला फार आवडला होता, आणि आवडला म्हणून स्वतःचीच किळस येत होती.

एका दुपारी तिनं कोंडलेल्या शकुनच्या खिडकीच्या गजातून भाकर आत सरकवली. शकुन म्हणाली, "भाकर राहू द्या. पिच्चर सांगा, जाऊबाई."

मनकर्णानं सांगितला. काठी टेकवून दाखवली. मोलकरणीचा चेहरा असा केला की शकुन हसली.

"माय व! तुमी तं नाटकात पायजे होत्या. मंग? त्या बाईचं काय झालं?"

सिनेमात त्या बाईला बांधून नेतात. मनकर्णाच्या तोंडून निघालं, "सुटली ते."

"सुटली? कोनं सोडवली?"

मनकर्णा उठू लागली. शकुननं गजातून हात काढून तिचं मनगट धरलं.

"उद्या मले वेड्याईच्या दवाखान्यात नेऊन राहिले. सकाळीच बंडी जुपतेत. सांगा ना, जाऊबाई, कोनं सोडवली तिले?"