जबानीतलं 'हो'

छापलेल्या जबानीच्या तिसऱ्या पानावर स्टेनोबाईंचं बोट अडलं.

"आजी, हे तुम्ही बोललात?" असं म्हणून त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली. "प्रश्न : घर मुलाच्या नावे करून देण्याच्या कागदावर तुम्ही राजीखुशीने सही केलीत का? उत्तर : हो."

आजी समोरच्या बाकावर बसल्या होत्या. साक्ष देऊन त्यांना तासही झाला नव्हता. आता जबानी ऐकायची, खाली सही करायची आणि घरी जायचं, एवढंच उरलं होतं. दाराबाहेर एका खांबाशी त्यांचा मुलगा उभा होता, दुसऱ्या खांबाशी मुलगी. भावाने आईवर दडपण आणून सही घेतली, असा दावा मुलीनेच लावला होता. सख्खी भावंडं, पण सकाळपासून एकमेकांकडे ढुंकून बघत नव्हती.

"वाचा पुढे, बाई," कारकून म्हणाला. "तिसऱ्या पानावरच मुक्काम ठोकलात तर जज्जसाहेब उठून जातील."

"इथे ध चा मा झालाय."

"मशीन ध चा मा करत नाही. ते काम माणसांचं."

बोललेलं आपोआप टाइप करणारं ते मशीन कोर्टात येऊन तीन महिने झाले होते आणि कारकून त्याच्यावर बेहद्द खूश होता. त्याला सर्दी होत नाही, रजा लागत नाही, मुलीचं लग्न निघत नाही, असं तो येईल-जाईल त्याला सांगायचा. बाईंकडे आता फक्त वाचून दाखवण्याचं काम उरलं होतं. तरी साक्ष चालू असताना त्या सवयीने मांडीवर वही घेऊन बसत. त्यांच्या शॉर्टहँडला कारकून मुंग्यांची शाळा म्हणायचा.

बाईंनी वही उघडली. "मुलाच्या वकिलांनी सहीचं विचारलं, तेव्हा आजी काहीच बोलल्या नाहीत. बराच वेळ. मग वकील पिंजऱ्याजवळ गेले आणि हळूच म्हणाले, समोर बसलाय तो तुमचाच मुलगा ना? त्याला आजी हो म्हणाल्या. वकिलांचा माइक मागे टेबलावरच राहिला, तो प्रश्न मशीनला ऐकूच गेला नाही. मधली शांतता त्याने गाळली आणि हे 'हो' उचलून वरच्या प्रश्नाला चिकटवलं."

कारकून वहीकडे बघत राहिला. माणूस वाईट नव्हता. त्याने मुकाट्याने पडद्यावर ते पान काढलं आणि 'हो' खोडलं. लगेच चौकट लाल झाली. उत्तर भरल्याशिवाय पान पुढे सरकेना. निवडायला तीनच पर्याय होते : हो, नाही, आठवत नाही.

"आठवत नाही, टाकू?" त्याने आवाज खाली आणून विचारलं. "कोणाचंच काही बिघडणार नाही."

"आठवतंय मला सगळं," आजी म्हणाल्या.

बाई त्यांच्याशेजारी जाऊन बसल्या. "मग काय लिहायचं, आजी?"

"हो म्हटलं तर लेक खोटी पडते. नाही म्हटलं तर मुलगा चोर ठरतो." आजी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. "महिनाभर डोळ्याला डोळा नाही माझ्या. शेवटी ठरवलं, विचारलं की गप्प बसायचं. घराचं काय करायचं ते कोर्टाने करावं, पण दोघांतलं एक लेकरू माझ्या शब्दाने तुटायला नको. आता तुम्ही म्हणता, मी हो म्हणाले." त्यांनी बाईंकडे पाहिलं. "गप्प बसलेलं लिहिता येत नाही का हो?"

बाईंना एकदम लाज वाटली. तीन महिने त्या मशीनच्या नावाने बोटं मोडत होत्या, पण ती सगळी स्वतःच्या खुर्चीपायी. साक्षीदार रडला, पाणी मागितलं, मान खाली घातली, गप्प राहिला, हे सगळं पस्तीस वर्षं त्यांनी लिहिलं होतं. ते लिहायचं थांबलं, तेव्हा आपण एका शब्दाने विचारलं नाही, हे त्यांना आत्ता कळलं.

"येतं," त्या म्हणाल्या. "चला."

"बाई, साहेबांनी हट्टाने आणलंय हे मशीन," कारकून म्हणाला. "चूक लेखी द्यावी लागेल. तीन महिन्यांत रिटायर होताय, कशाला उगाच?"

"देते लेखी."

साहेब उठायच्या बेतातच होते. त्यांनी वही पाहिली, पान पाहिलं आणि पुन्हा खुर्चीत बसले. मुलाला आणि मुलीला आत बोलावलं. मग चष्मा काढून आजींना म्हणाले, "मी परत विचारतो. दडपण घेऊ नका. ती सही तुम्ही राजीखुशीने केली होतीत का?"

आजी मुलाकडे बघत राहिल्या. मग मुलीकडे. बाहेर कोणीतरी कोणाच्या तरी नावाचा पुकारा केला आणि तो थांबला. पंख्याचा आवाज येत होता. मुलीने डोळे पुसले. मुलगा पायांकडे बघत होता.

साहेबांनी घाई केली नाही. बऱ्याच वेळाने म्हणाले, "बाई, हाताने लिहून घ्या. मी सही करतो."

बाईंनी लिहिलं आणि वाचून दाखवलं, "प्रश्न दोन वेळा विचारला. साक्षीदार दोन्ही वेळा गप्प राहिली."

"हं," आजी म्हणाल्या. "हे मी बोलले." आणि पेन मागण्यासाठी त्यांनी हात पुढे केला.