वाटणीतला अ‍ॅम्प्लिफायर

बाबा गेल्यावर झालेल्या वाटणीत त्यांचा टेप आणि व्हॉल्व्हचा जुना अ‍ॅम्प्लिफायर धाकट्याला मिळाला. दोन्ही स्पीकर थोरल्याने नेले. आज, काचेच्या नळ्या पेटतात का ते तरी बघू, म्हणून धाकट्याने सगळी बटणं दाबली. मागचे, स्पीकरच्या वायरी जोडायचे चार, आठ, सोळा ओहमचे स्क्रू रिकामेच होते.

आणि त्या मुक्या खोक्यातून बाबा गायला लागले! आवाज बारीक, विहिरीच्या तळातून आल्यासारखा, पण त्यांचाच. धाकट्याची बोबडीच वळली. वाटणीनंतर पहिल्यांदाच त्याने थोरल्याला फोन लावला.

"दादा, स्पीकर नाहीत तरी बाबा गातायत रे!"

"आधी बंद कर, गाढवा! टेपमध्ये त्यांची कॅसेट राहिली असेल. स्पीकर जोडला नाही की आतला ट्रान्सफॉर्मरच गातो, आणि गाता गाता जळतो. बाबा सांगून सांगून थकले!"

करपल्याचा वास सुटलाच होता. धाकट्याने प्लग उपसला.

"आता कशाला हात लावू नकोस. स्पीकर आठ ओहमचे आहेत, आठच्याच स्क्रूला जोडायचे. मी घेऊन निघालोच."

फोनवर किल्ल्या खुळखुळल्या, दार उघडलं आणि पावलं तिथंच थांबली.



मग दादाने हळूच विचारलं, "तुझं घर कुठंय रे?"